बोर्ड नवा, बायोस शिळा

गेल्या दिवाळीत भाच्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड (म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), डीडीआर५ रॅमच्या दोन स्टिक. रात्री साडेदहाला फोन आला.

"मामा, पंखे फिरतायत, रंगीत लाइट चमकतायत, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. प्रोसेसर खराब निघाला वाटतं. उद्या परत करतो."

"परत-बिरत काही करू नकोस. बोर्डाच्या कडेला चार बारके दिवे असतील. त्यातला कोणता पेटलाय?"

"सीपीयूचा."

सीपीयू म्हणजे प्रोसेसर. पण प्रोसेसर ठणठणीत होता, बोर्डही ठणठणीत होता. फक्त बोर्डाला त्या प्रोसेसरची ओळख नव्हती. बी६५०चे बोर्ड बाजारात आले ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ९६००एक्स आला ऑगस्ट २०२४ मध्ये. भाच्याचा बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा हा प्रोसेसर विक्रीला आलेलाच नव्हता. मग बोर्ड आधी गोदामात आणि नंतर दुकानाच्या फळीवर पडून राहिला. खोकं सीलबंद, आतला माल कोरा करकरीत, पण त्यातला बायोस बांधून ठेवलेल्या डब्यासारखा शिळा झालेला.

हा बायोस म्हणजे नक्की काय, ते आधी बघू. बोर्डावर नखाएवढी एक चिप असते, बहुधा आठ पायांची. तिच्यात एक प्रोग्रॅम भरलेला असतो. पॉवरचं बटन दाबलं की प्रोसेसर जागा होतो खरा, पण त्या क्षणी त्याला काहीच माहीत नसतं. रॅम अजून वापरण्याजोगी झालेली नसते, एसएसडी कुठे आहे ते ठाऊक नसतं, स्क्रीनचा तर पत्ताच नसतो. अशा वेळी सगळ्यात पहिल्या सूचना या चिपमधून येतात. प्रोसेसरला तयार करायचं, रॅम कोणत्या गतीला आणि किती व्होल्टेजला स्थिर चालते ते ताडून बघायचं, ग्राफिक्स उठवायचं, डिस्क शोधायची आणि मग विंडोज किंवा लिनक्सच्या हाती कारभार द्यायचा. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीत हे काम ८ किलोबाइटमध्ये भागत होतं. आजच्या बोर्डांवरची चिप बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइटची असते, म्हणजे हजारो पट मोठी. खरं तर या नव्या पद्धतीच्या प्रोग्रॅमचं नाव यूईएफआय आहे, पण दुकानदारापासून कंपनीच्या वेबसाइटपर्यंत सगळे त्याला बायोसच म्हणतात. मीही तेच म्हणणार.

आता सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे एक रजिस्टर असतं. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरच्या पोटात एक ओळख क्रमांक कोरलेला असतो. बायोस तो वाचतो आणि रजिस्टरमध्ये शोधतो. नाव सापडलं तर पुढे सगळी माहिती लिहिलेली असते: याला किती व्होल्टेज द्यायचं, याचा मेमरी कंट्रोलर कसा चालू करायचा, कारखान्यातून निघाल्यावर सापडलेल्या चुकांवर कोणते तोडगे घालायचे. या शेवटच्या तोडग्यांना मायक्रोकोड अपडेट म्हणतात. नाव सापडलं नाही तर गेट बंद. खरा वॉचमन निदान इंटरकॉमवरून वरच्या मजल्यावर विचारून घेतो. बायोसला ती सोय नाही, कारण इंटरनेट वगैरे सगळं अजून झोपलेलं असतं. म्हणून तो स्क्रीनवर 'हा प्रोसेसर मला माहीत नाही' एवढंही म्हणू शकत नाही. नुसता एक दिवा पेटवून उभा राहतो.

हे रजिस्टर बोर्ड बनवणारी कंपनी एकटी लिहीत नाही. रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या बाबतीत त्याचा गाभा एएमडीकडूनच येतो आणि त्याला एजीसा म्हणतात. आसुस, एमएसआय, गिगाबाइट, एएसरॉक वगैरे कंपन्या त्याच्याभोवती आपापले मेनू आणि चित्रं गुंडाळतात आणि अपडेट म्हणून देतात. म्हणून त्यांच्या डाउनलोडच्या पानावर जागोजागी 'एजीसा अमुक आवृत्ती' असं लिहिलेलं दिसतं.

रजिस्टरची पानं संपली तर काय होतं, याचाही किस्सा घडून गेलाय. एएमडीचं एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती खाच, फार चाललं. एकाच खाचेत २०१७ पासून पिढ्यान् पिढ्या प्रोसेसर बसत गेले. पण त्या काळातल्या कित्येक बोर्डांवरची चिप १६ मेगाबाइटचीच होती आणि एवढ्या सगळ्यांची माहिती तिच्यात मावेना. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं की पुढची पिढी, म्हणजे रायझन ५०००, ही ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही. त्या मालिकेतला बी४५० बोर्ड घेतलेल्या लोकांनी असा काही गदारोळ केला की दोन आठवड्यांच्या आत कंपनीला शब्द मागे घ्यावा लागला. मग जागा कुठून आणायची? काही बोर्डांच्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांची नावं खोडली गेली, काहींचे चकचकीत मेनू जाऊन साधे, मजकुराचे मेनू आले. त्यामुळे जुन्या एएम४ बोर्डावर अपडेट करताना त्यासोबतची टीप नीट वाचा. आज बसलेला प्रोसेसरच नव्या यादीतून गळालेला असेल, तर अपडेट झाल्यावर गेटबाहेर तुम्हीच.

याच सॉकेटवर २०१८ मध्ये आणखी एक गंमत झाली होती. ग्राफिक्स पोटात असलेले रायझन २०००जी प्रोसेसर आले आणि जुन्या बायोसचे बोर्ड त्यांना ओळखेनात. बायोस अपडेट करायचा तर मशीन चालू व्हायला हवं, आणि चालू व्हायचं तर अपडेट झालेलं हवं. तिजोरीची चावी तिजोरीतच! एएमडीने तेव्हा अडकलेल्या ग्राहकांना एक जुना, स्वस्तातला प्रोसेसर काही दिवसांसाठी उसना पाठवण्याची योजना काढली होती. तो बसवा, अपडेट करा, परत पाठवा.

आता हा पेच सोडवणारं एक बटन बऱ्याच बोर्डांच्या मागच्या पट्टीवर असतं. कोणी त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतं, कोणी फ्लॅश बायोस, गिगाबाइट त्याला क्यू-फ्लॅश प्लस म्हणतं. त्याच्यामागे बोर्डावर एक स्वतंत्र छोटी चिप असते. ती पेनड्राइव्हवरची फाइल वाचते आणि थेट बायोसच्या चिपमध्ये लिहिते. त्यासाठी प्रोसेसर लागत नाही, रॅम लागत नाही, स्क्रीन लागत नाही. माझं मत विचाराल तर दोन बोर्डांत घोळ होत असेल तेव्हा हे बटन असलेला घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. रंगीत लाइटपेक्षा हे कधीही बरं. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर ते नसतं, हे मात्र आधी बघून घ्या.

बोर्ड घ्यायच्या आधीच हे सगळं कळू शकतं. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येक नावासमोर 'कोणत्या बायोसपासून पुढे' ते लिहिलेलं असतं. तो आकडा टिपून घ्या आणि दुकानदाराला सरळ विचारा, की या बोर्डात कोणता बायोस आहे आणि तुम्ही अपडेट करून द्याल का. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय किंवा तुमच्या गावात काय, जोडणी करून देणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. ९००० मालिकेचा रायझन घेणार असाल, तर त्याच्या नंतर आलेल्या बी८५० बोर्डांवर ही कटकट सहसा येत नाही. इंटेलकडेही हीच गत आहे. बी६६० वगैरे ६०० मालिकेचे बोर्ड आले बाराव्या पिढीबरोबर. तेराव्या पिढीचे प्रोसेसर ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि चौदाव्या पिढीचे ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. ते त्याच सॉकेटमध्ये बसतात, पण बायोस नवा लागतो. सॉकेटमध्ये बसणं आणि चालू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पुन्हा भाच्याकडे. त्याच्या बोर्डावर बटन होतं, म्हणून काम सोपं होतं. तरी पहिला प्रयत्न फसलाच.

पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करायचा असतो. ६४ किंवा १२८ जीबीच्या पेनड्राइव्हला विंडोजची नेहमीची खिडकी हा पर्यायच दाखवत नाही, म्हणून ड्रॉवरमधला जुना ८-१६ जीबीचा शोधायचा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्डाच्या कंपनीच्याच वेबसाइटवर जाऊन फाइल उतरवायची. दुसरीकडून कुठूनही नाही, आणि आपल्याच मॉडेलची. इथे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं, कारण एकाच नावाचे चार भाऊ असतात: वायफायवाला, बिनवायफायवाला, डीडीआर४वाला, डीडीआर५वाला. शिवाय काही बोर्डांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत रिव्हिजनचा आकडा छापलेला असतो आणि त्याप्रमाणे फाइल बदलते. यादीत 'बीटा' लिहिलेली आवृत्ती असेल तर तिला हात लावू नका. तिच्याखालची पक्की आवृत्ती घ्या.

उतरवलेली फाइल झिपमध्ये असते. भाच्याने झिपच तशीच्या तशी पेनड्राइव्हवर टाकली होती. बटन दाबल्यावर दिवा दोन-चारदा लुकलुकला आणि थांबला. झिप उघडून आतली बायोसची फाइल बाहेर काढायची आणि पेनड्राइव्हवर अशी ठेवायची की ती कुठल्याही फोल्डरमध्ये नसेल. बऱ्याच बोर्डांना तिचं नावही ठरावीकच लागतं. एमएसआयला 'एमएसआय डॉट रॉम', गिगाबाइटला 'गिगाबाइट डॉट बिन', एएसरॉकला 'क्रिएटिव्ह डॉट रॉम', अर्थात इंग्रजी अक्षरांत. आसुस फाइलसोबत एक छोटा प्रोग्रॅम देतं, तो चालवला की नाव आपोआप बदलतं. तुमच्या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत हे एका पानात दिलेलं असतं आणि ते पान वाचण्यात कमीपणा नाही.

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधी हे उरकलं तर उत्तम. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा, एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याची, २४ पिनची मोठी केबल आणि प्रोसेसरची ८ पिनची केबल लावायची, एसएमपीएसचं मागचं बटन चालू करायचं. मशीन चालू करायचं नाही. पेनड्राइव्ह मागच्या पट्टीवरच्या ठरावीक यूएसबी पोर्टमध्ये लावायचा. त्या पोर्टभोवती चौकट किंवा काही खूण असते, आणि शेजारच्या पोर्टमध्ये लावून हे काम होत नाही. मग फ्लॅशबॅकचं बटन तीनेक सेकंद दाबून धरायचं. काही बोर्डांवर एकदाच दाबायचं असतं. दिवा लुकलुकायला लागला की हात मागे घ्यायचे. साधारण पाच-दहा मिनिटांनी दिवा विझतो.

त्या पाच-दहा मिनिटांत चिपमध्ये नेमकं काय चाललेलं असतं? जुना फळा पुसून नवा मजकूर लिहिला जात असतो. मध्येच लाइट गेली तर फळा अर्धा पुसलेला, अर्धा लिहिलेला राहतो. पुढच्या वेळी बटन दाबल्यावर पहिली सूचनाच सापडत नाही. दुकानदारांच्या भाषेत 'बायोस उडाला, बोर्ड डेड'. लोक बायोस अपडेटला घाबरतात ते यामुळे, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. म्हणून यूपीएसवर करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. दुसऱ्या मोडमध्ये लाइट जाऊन बॅटरी सुरू होईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. आणि मे महिन्यातल्या वळवाच्या संध्याकाळी, ढग गडगडत असताना, हे काम काढूच नका. उद्या सकाळी करा.

तरीही उडालाच, तर फ्लॅशबॅकचं बटन असलेल्या बोर्डावर रडण्यासारखं काही नसतं. तीच फाइल, तेच बटन, पुन्हा एकदा. ती छोटी चिप बायोसवर अवलंबून नसल्यामुळे बायोस उडाल्यावरही काम करते. काही बोर्डांवर बायोसच्या दोन चिपा असतात, एक बिघडली तर दुसरी धावून येते. हे दोन्ही नसेल, तर दुरुस्तीवाल्याकडे चिमट्यासारखी क्लिप असलेला प्रोग्रॅमर असतो. तो चिपच्या पायांना क्लिप लावून लॅपटॉपवरून थेट तिच्यात लिहितो. म्हणजे बोर्ड फेकून द्यायची वेळ सहसा येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. बोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत लावला की 'बायोस जुना होतो', असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तसं होत नाही. सेल काढल्याने आपण केलेल्या सेटिंग मूळपदावर जातात आणि घड्याळ विसरतं. चिपमधला प्रोग्रॅम जिथल्या तिथे राहतो. प्रोसेसर ओळखला जात नसेल तर सेल शंभरदा काढा, रजिस्टरमध्ये नाव काही उमटणार नाही.

मशीन जुन्या बायोसवरही चालू होत असेल, तर रस्ता आणखी सोपा. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. तिथे ईझेड फ्लॅश, एम-फ्लॅश, क्यू-फ्लॅश, इन्स्टंट फ्लॅश, कंपनीप्रमाणे यातलं एक काहीतरी सापडेल. त्यातून पेनड्राइव्हवरची फाइल निवडा. विंडोजमध्ये बसून बायोस लिहिणारे प्रोग्रॅमही मिळतात. मी ते वापरत नाही. विंडोज मध्येच अडकलं तर त्याच्या पायी बोर्ड का पणाला लावा?

चालू होतंय तर मग अपडेटची उठाठेव कशाला, असं भाच्यानेही नंतर विचारलं. नव्या मशीनवर एकदा करावंच, असं मी म्हणतो, आणि त्याला दोन सणसणीत कारणं आहेत. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७ ७८००एक्स३डी बाजारात आला आणि त्याच महिन्यात काही जणांचे प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचे फोटो फिरू लागले. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅम तिच्या खोक्यावर लिहिलेल्या गतीला चालवणारी तयार सेटिंग, चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला झेपणार नाही एवढं व्होल्टेज देत होते. एएमडीने नव्या एजीसातून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली आणि ती लोकांपर्यंत पोहोचली बायोस अपडेटमधूनच. दुसरं कारण इंटेलचं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर काही महिन्यांच्या वापरानंतर गेम आणि जड कामं मध्येच बंद पाडू लागले. मूळ कारण होतं प्रोसेसरने गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागणं, आणि त्याने आतला भाग हळूहळू झिजत होता. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने मायक्रोकोडचे तोडगे दिले, तेही बोर्डांच्या बायोसमधून, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण हे तोडगे पुढची झीज थांबवतात. झिजलेला प्रोसेसर त्यांनी बरा होत नाही. म्हणजे असा प्रोसेसर आणि जुना बायोस घेऊन मशीन 'चालतंय की' म्हणून वापरणारा माणूस रोज थोडा थोडा प्रोसेसर खर्च करत होता.

म्हणून विंडोज टाकायच्या आधीच, मशीन रिकामं असताना, ताजा पक्का बायोस घालून टाकावा. तेव्हा बिघडण्यासारखं आत काही नसतं. त्यानंतर मात्र दर महिन्याला 'नवा आला का' बघत बसू नये. अपडेटसोबत दोन-चार ओळींची टीप असते. तिच्यात सुरक्षेचा दोष भरून काढल्याचं लिहिलंय, किंवा तुम्हाला होत असलेला एखादा त्रास लिहिलाय, किंवा तुम्ही घेणार असलेला प्रोसेसर लिहिलाय, तरच करा. 'सिस्टिमची स्थिरता सुधारली' एवढ्या एका ओळीसाठी मी चालत्या मशीनला हात लावत नाही. काही अपडेटनंतर जुन्या आवृत्तीवर परत जाताही येत नाही.

वापरात असलेल्या मशीनवर अपडेट करताना एक काळजी घ्यावीच लागते, आणि ती न घेतल्यामुळे लोकांचा डेटा अडकतो. बऱ्याच नव्या मशीनांवर विंडोज ११ डिस्क आपणहून कुलूपबंद करतं. त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा टीपीएम हा भाग हल्ली बहुधा प्रोसेसरमध्ये किंवा बोर्डावरच असतो, आणि बायोस बदलला की त्याला शंका येते. मग चालू होताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. अपडेटच्या आधी ती शोधून कागदावर उतरवून घ्या आणि विंडोजमध्ये हे कुलूप, म्हणजे बिटलॉकर, तात्पुरतं थांबवा. एएमडीच्या मशीनवर कधी कधी 'एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन' असाही प्रश्न येतो. एफटीपीएम म्हणजे हाच टीपीएम. नव्या, रिकाम्या मशीनवर बिनधास्त वाय दाबा. जुन्यावर तो ४८ अंकी कागद हातात नसेल तर दाबू नका.

भाच्याच्या मशीनवर तो प्रश्न आला, त्याने वाय दाबलं. पण त्याआधी एक घबराट झालीच. दिवा विझल्यावर त्याने मशीन चालू केलं आणि स्क्रीन पुन्हा काळी. या वेळी सीपीयूचा नाही, रॅमचा दिवा पेटलेला. तो बटन दाबून बंद करणार, एवढ्यात मी त्याला थांबवलं. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना बायोस तिची वेगवेगळ्या वेळांना आणि व्होल्टेजला परीक्षा घेत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. रॅम जास्त असेल तर आणखी. अपडेटनंतर ही परीक्षा पहिल्यापासून होते. "चहा ठेव," मी म्हटलं. चहा उकळायच्या आत बायोसचा पडदा आला.

अपडेटने आधीच्या सेटिंग बहुधा पुसल्या जातात, म्हणून पंख्यांची गती, बूटचा क्रम आणि मुख्य म्हणजे रॅमचं प्रोफाइल पुन्हा लावावं लागतं. एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो, इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी. ते लावलं नाही तर ६०००च्या गतीची म्हणून घेतलेली रॅम गुपचूप ४८०० सारख्या कमी गतीवर चालत राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही. भाच्याने एक्स्पो चालू करून सेव्ह केलं. स्क्रीन पुन्हा काळी पडली, आणि त्याने काही विचारायच्या आत उजळली.